व म्हणजे विरुद्ध

५ जानेवारी, सोमवार

नाही, रुसले-बिसले नाही मी! किती वेळा सांगू! जेवायला खाली गेले नाही ते भेंडी होती म्हणून. भेंडीवर रुसते मी. माणसांवर रुसत नाही, माणसांची फिरकी घेते.

आमंत्रण वाचलं, एवढंच झालं. दुपारी फोनवर आलं — पतंग, हलव्याचे दागिने, सगळं झगमग. "बिग बीव्हर भगिनी मंडळ, ट्रॉय. हळदीकुंकू, शनिवार २४ जानेवारी, दुपारी तीन, क्लबहाऊस. ड्रेस कोड काळा." बिग बीव्हर हे इथल्या मोठ्या रस्त्याचं नाव. बीव्हर म्हणजे पाण्यात राहणारी, पुढे दात आलेली घूस. म्हणजे आम्ही थोरल्या घुशीच्या भगिनी! हे मी गटावर लिहिणारच होते, रुचानं फोन काढून घेतला. सून माझी पुण्याची. तिला माझ्या विनोदाची भीती वाटते.

खाली बारीक अक्षरात — "ज्येष्ठ मातांसाठी फायरप्लेसजवळ विशेष आरामदायी बैठक." आणि चार नावं. पहिलं माझं! म्हणलं बरं झालं, मिशिगनच्या थंडीत गुडघे शेकतील. मग चौथं नाव वाचलं. कादंबरी.

कादंबरी एकोणचाळीस वर्षांची आहे!! तिची सावनी अजून तिसरीत आहे. ही कुठली ज्येष्ठ माता? तिचा नवरा संग्राम दोन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळता खेळता गेला, तेवढंच.

आणि पलीकडच्या घरातल्या प्रथमेशची आई? सत्त्याहत्तर. दोन्ही गुडघे नवे, वॉकर घेऊन चालते. ती यादीत नाही. तिचे यजमान ठणठणीत आहेत ना!

तेव्हा कळलं, ज्येष्ठ म्हणजे काय ते.

७ जानेवारी, बुधवार

रुहीची परीक्षा बावीस तारखेला. नात माझी, सोळा वर्षांची, अतुल-रुचाची एकुलती एक. विषय "गव्हर्नमेंट". आमच्या वेळी नागरिकशास्त्र असायचं, वीस मार्कांचं, इतिहासाच्या शेपटीला बांधलेलं. हिचं पुस्तक वरवंट्यासारखं जड. त्यातले कोर्टाचे मोठमोठे निकाल तिनं कार्डांवर उतरवलेत. पुढे नाव, मागे काय ठरलं ते. कार्डं धरायचं काम माझं. अतुल धरतो तेव्हा लेक्चर देतो, रुचा धरते तेव्हा ओरडते. मी नुसती धरते.

इंग्रजी अक्षरं मला येतात. सातवी पास आहे मी, ती पण आमच्या गावच्या शाळेत, जिथे नापास करायला मास्तर टपलेले असायचे. जुळवून जुळवून मोठ्यानं वाचलं — "मार्बरी व मॅडिसन. ब्राउन व बोर्ड. लव्हिंग व व्हर्जिनिया." म्हणलं, अगं, सगळी जोडीजोडीनंच का? लग्नपत्रिका आहेत का या? चि. लव्हिंग व चि. सौ. कां. व्हर्जिनिया!

रुही हसून पलंगावरून खाली. "आजी! ते व नाहीये! इट्स व्ही! व्हर्सेस! लाइक, फाइट!"

म्हणजे इकडे व म्हणजे विरुद्ध! म्हणलं मग माझं चुकलं कुठे? लग्नपत्रिकेतपण तेच असतं, फक्त नंतर कळतं.

गंमत म्हणजे त्या लव्हिंगचं खरोखरच लग्न निघालं. लव्हिंग हे आडनाव. नवरा गोरा, बायको काळी. व्हर्जिनिया ही नवरी नाही, राज्य. त्या राज्यानं सांगितलं, असलं लग्न गुन्हा आहे, निघा इथून. वरच्या कोर्टानं राज्याला गप्प बसवलं. साल सदुसष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांची, परकर नेसून चिंचा पाडत होते. इकडे हे चाललेलं!

९ जानेवारी, शुक्रवार

आज फार मजा केली.

रुचा माझं कपाट "आवरायला" आली. आवरायला कसली, झडती! साखर वाढलीय माझी, म्हणून डिंकाचे लाडू कुठे लपवलेत ते शोधते. स्वेटरखाली दोन सापडले. "आई, हे काय?"

म्हणलं, थांब! मॅप व ओहायो! मॅपबाईंच्या घरात पोलीस घुसले, कागद नीट दाखवला नाही, कपाटं उचकली. कोर्टानं सांगितलं, झडती बेकायदा असेल तर सापडलेला पुरावा बाद. तुझ्याकडे कागद होता का? नव्हता! लाडू बाद! आण इकडे!

रुचा बघतच राहिली. रुही दारात टाळ्या वाजवतेय. ती मॅपबाई मला फार आवडली. पोलिसांनी कसलासा कागद फडकावला तर तिनं तो हिसकावला आणि पोलक्यात खुपसला! आमच्या गावात शोभली असती.

एक लाडू मिळाला. दुसरा जप्त.

१० जानेवारी, शनिवार

मंडळाच्या अध्यक्ष दीपाला फोन केला. म्हणलं, बाई, कादंबरी ज्येष्ठ कशी? म्हणाली, "मावशी, तुम्ही ना! गोड गोड बोला हं, संक्रांत आहे." आणि ठेवला.

११ जानेवारी, रविवार

कादंबरी आली होती. सावनीचा नाचाचा परकर आमच्याकडे राहिलेला. सावनीचा नाच आहे हळदीकुंकवात, "नभ उजळले" की असलंच काहीतरी, दहा पोरी आहेत.

चहा ठेवला. म्हणलं, तू येणार ना आत? तर म्हणते, "नाही मावशी, माझी मीटिंग आहे."

शनिवारी दुपारी? मी तिच्याकडे बघितलं. ती कपाकडे.

मग म्हणाली, "गेल्या वर्षीसारखं करेन. सावनीला सोडेन आणि पार्किंगमध्ये बसेन. हीटर असतो की. क्लबहाऊसला काचा आहेत मोठ्या, सगळं दिसतं. आवाज तेवढा येत नाही."

आवाज तेवढा येत नाही.

आणि तो मंडळाचा चांदीचा करंडा हिनंच कोल्हापूरहून आणलेला! हळदीकुंकू सुरू केलं तेच हिनं, सात-आठ वर्षांपूर्वी, दहा बायका होत्या म्हणे, हिच्या दिवाणखान्यात. आता सव्वाशे होतात. "दीपा वाईट नाहीये मावशी," असंही म्हणाली. "तिनं फोन करून विचारलं होतं, तुला ऑकवर्ड होईल का. मी काय सांगणार? म्हणलं, हो, होईल."

ती गेली आणि रुहीनं कार्ड काढलं. प्लेसी व फर्ग्युसन. आगगाडीत काळ्यांचा डबा वेगळा. प्लेसी मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. कोर्ट म्हणालं, डबा वेगळा आहे पण सारखाच आहे, मग तक्रार कसली? वेगळं पण समान. अठराशे शहाण्णव साली. एकच न्यायाधीश होता जो नाही म्हणाला.

रुही म्हणते, "आजी, फायरप्लेस इज प्लेसी."

मी म्हणलं, कार्ट्ये, परीक्षेत हे लिहू नकोस.

मग तिनं एकदम विचारलं, "आजी, बट डू यू वॉन्ट इट? कुंकू?"

म्हणलं मला कशाला! तुझे आजोबा मोरेश्वरराव सहा वर्षं झाली जाऊन, मी माझी टिकली लावते काळी, मला छान दिसते. कादंबरीसाठी चाललंय हे. हो. कादंबरीसाठीच.

१३ जानेवारी, मंगळवार

अर्ज लिहिला! पेन्सिलीनं!

गिडियन व वेनराइट. फ्लोरिडाच्या तुरुंगातला माणूस. वकील द्या म्हणला, तर म्हणाले गरिबाला वकील मिळत नाही. त्यानं तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलीनं थेट दिल्लीला — म्हणजे इथल्या दिल्लीला, वॉशिंग्टनला — अर्ज लिहिला. जिंकला! तेव्हापासून पैसे नसलेल्यालाही सरकार वकील देतं.

तर मी पण पेन्सिल घेतली. "मा. अध्यक्ष, बिग बीव्हर भगिनी मंडळ. अर्जदार अहिल्या मोरेश्वर, वय अडुसष्ट, इयत्ता सातवी. विषय: शेकोटीजवळची जागा नको असणेबाबत." रुहीनं फोटो काढून गटावर टाकला. दहा मिनिटांत चव्वेचाळीस जणींनी हसरे चेहरे पाठवले. उत्तर एकीनंही नाही.

अतुल ऑफिसातून आल्या आल्या, "आई, काय लावलंयस हे? आम्हाला राहायचंय ना या लोकांत."

म्हणलं, अतुल, तुला गप्प राहायचा हक्क आहे. तू जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. मिरांडा व अॅरिझोना!

रुही किंचाळली. पण अतुल हसला नाही. मग थोड्या वेळानं हसला. बापावर गेलाय, त्याला हसू उशिरा पोचतं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

दीपा स्वतः तिळगूळ घेऊन आली. पायात गुडघ्यापर्यंत बूट, नाक लाल. बर्फ पडत होतं तरी आली, हे मानलं.

"मावशी, माझ्यावर रागावलात?"

"मी? अगं मी तर शेकोटीजवळ बसणार, मला काय!"

तशी बसलीच सोफ्यावर. "मला काही वाटत नाही हो या सगळ्याचं. पण सासूबाई डोंबिवलीहून लाइव्ह बघतात. त्यांच्या सोसायटीतल्या सगळ्या बघतात. मागच्या वर्षी म्हणाल्या, तुमच्याकडे काही धरबंध राहिलाय की नाही? मग आम्ही हा सुवर्णमध्य काढला. रिक्लायनर आहेत तिकडे, मावशी! बटण दाबलं की पाय वर!"

पाय वर करून वेगळं बसायचं!

रुही जिन्यावर बसून ऐकत होती. खाली आली आणि म्हणाली, "दीपामावशी, वुई शुड हॅव अ हिअरिंग." सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग जयंतीची सुट्टी आहे शाळेला, तिला परीक्षेचा सरावही होईल. आमच्या बेसमेंटमध्ये कोर्ट. दोन्ही बाजू मांडायच्या, निकाल मानायचा.

दीपा आधी हसली. मग म्हणाली, "मी कॉलेजमध्ये वादविवादात पहिली यायचे हं, मुली."

म्हणलं, पुरणपोळी करते. ही काय कोर्टाला येते, आली तर पोळीला!

१६ जानेवारी, शुक्रवार

न्यायाधीश मिळाली! उपासना. नागपूरची, इथे गाड्यांच्या कंपनीत कायद्याचं बघते. चार घरं सोडून राहते. बौद्ध आहेत ते लोक, त्यांच्यात हळदीकुंकू नाहीच. रुही म्हणाली म्हणूनच ती न्यूट्रल.

विचारायला गेले तर खो खो हसली. "मावशी, गंमत आहे तुमची. आमच्या घरात बाबासाहेबांमुळे हा कारभारच संपला. तुम्ही म्हणता दार उघडा. आम्ही घरच बदललं बाप्पा!"

म्हणलं, मग येऊ का राहायला? जागा आहे का?

"तुम्ही केव्हाही या," म्हणाली. पण मग जरा गंभीर होऊन, "खरं सांगा, ज्या ओळीत घेत नाहीत तिथे उभंच कशाला राहायचं?"

मी पुरणपोळीचं निमंत्रण देऊन निघून आले.

१७ जानेवारी, शनिवार

टिंकर व डी मॉइन. शाळेतल्या पोरांनी युद्धाविरुद्ध दंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या. कोर्ट म्हणालं बांधू द्या. रुही म्हणते आपणपण निषेध म्हणून काळं नेसू.

अगं वेडे, संक्रांतीला सगळ्याच काळं नेसतात! सव्वाशे बायकांत कोणाला कळणार निषेध कुठला आणि पैठणी कुठली!

१९ जानेवारी, सोमवार

झालं कोर्ट.

सगळं नीट लिहून ठेवते.

बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडल्या. न्यायाधीशाला उंच जागा हवी म्हणून उपासना व्यायामाच्या सायकलवर बसली, मधूनमधून पायडल मारत होती. अतुल पट्टेवाला. "ऑल राइज!" असा ओरडला की कादंबरीच्या हातातला चहा सांडला. तिला मीच ओढून आणलेलं. ती मागे, वॉशिंग मशिनजवळ बसली. रुचा पोळ्या वाढत होती. सुरुवातीला म्हणत होती माझा संबंध नाही, पण पहिली टाळी तिनंच वाजवली.

दीपा छान बोलली. खोटं कशाला सांगू. म्हणाली, कोणाचा अपमान करायचा हेतू नाही. जागा उत्तम आहे. वाण तेच, तिळगूळ तोच, जेवण तर आधी त्यांनाच. प्रथा आपण मोडली नाही आणि कोणाला वगळलंही नाही. "वेगळं आहे, पण मानानं आहे."

रुही उठली. माझी नात! दोन वेण्या, पायात वेगवेगळ्या रंगांचे मोजे.

"कादंबरीमावशी किती वर्षांची आहे?"

"एकोणचाळीस."

"प्रथमेशकाकांची आई?"

"सत्त्याहत्तर."

"मग ज्येष्ठ कोण?"

दीपा म्हणाली, "तसं नाही गं... त्यांचं वेगळं आहे... म्हणजे त्यांचे..."

"सांगा ना."

उपासनाची सायकल थांबली. "दीपा, शब्द रेकॉर्डवर येऊ द्या."

दीपानं कादंबरीकडे बघितलं नाही. "त्यांचे मिस्टर आहेत," म्हणाली. एवढ्या हळू, की अतुल म्हणाला, "काय?" आणि तिला पुन्हा म्हणावं लागलं.

मग रुहीनं ब्राउन व बोर्ड काढलं. शेजारची शाळा सोडून लांबच्या शाळेत जाणारी काळी मुलगी. प्लेसीच्या वेळी कोर्टानं जे ठरवलं ते अठ्ठावन्न वर्षांनी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी उलटवलं. म्हणाले, बाकं सारखी असतील, फळे सारखे असतील, पण वेगळं बसवलं की त्या लेकराच्या मनात जे होतं ते पुन्हा नीट होत नाही.

उपासना म्हणाली, "ठीक. पण त्या केसमध्ये लेकरांच्या मनाचा पुरावा होता. इथे आहे का कोणी साक्षीदार?"

मला वाटलं कादंबरीला उठवतील. ती तर मान खाली घालून बसलेली. रुही म्हणाली, "आय कॉल माय आजी."

हे आमचं ठरलं नव्हतं!

तिळाच्या लाडवांच्या डब्यावर हात ठेवून शपथ घेतली. खरं सांगेन. हसले सगळे, मी पण.

आणि मग मी हौसाबाईची गोष्ट सांगितली. का सांगितली माहीत नाही. पंचेचाळीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. हौसाबाई माझी मोठी जाऊ. मोठे दीर दिवाळीत विहिरीचं काम करताना गेले. ती सव्वीस वर्षांची. पुढची संक्रांत आली. आमच्या घरी हळदीकुंकू. ती शेजारच्या खोपटात वेगळी राहायची तेव्हा. धुतलेलं लुगडं नेसून, तेल लावून केस बांधून ती दारात आली. आपल्याच घरी हळदीकुंकू आहे, आपण आपलं मागे बसू, असं वाटलं असेल तिला. ओच्यात बोरं होती वाटायला. सासूबाईंनी तिला उंबऱ्यावरून परत पाठवलं. सगळ्या बायकांसमोर. "तुझं काय काम इथं," म्हणाल्या. तिनं ओच्यातली बोरं पायरीवर ठेवली, एकेक करून, आणि गेली. मी तिथेच उभी होते. मी काही करू शकले नाही.

अतुल म्हणाला, "आई, हे तू कधी..." दीपा रडत होती. रुही रडत होती. कादंबरी नाही. ती माझ्याकडे बघत होती नुसती.

निकाल — उपासनानं उभं राहून दिला. "बसायची जागा एकच. कुंकू सगळ्यांना विचारायचं. घ्यायचं की नाही ते जिचं तिनं ठरवायचं, दुसरीनं नाही."

दीपा नाक पुसत म्हणाली, "मान्य. पुढच्या वर्षीपासून नक्की करू. या वर्षी छापून झालंय सगळं."

रुही ताडकन उठली. ब्राउनचा दुसरा भाग आहे म्हणे! पंचावन्न साली कोर्टानं सांगितलं शाळा एक करा, पण कधी? "ऑल डेलिबरेट स्पीड." म्हणजे सवडीनं घाई करा! त्या सवडीत कित्येक शाळा वर्षानुवर्षं तशाच राहिल्या.

उपासना म्हणाली, "ऐकलंत? सवड नाही. शनिवारी."

दीपा मला मिठी मारून गेली. दोन पोळ्या बांधून दिल्या.

२० जानेवारी, मंगळवार

"आजी, यू वॉन इट," रुही म्हणते. माझ्या साक्षीवर जिंकलो म्हणे. कार्डं धर म्हणाली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

२२ जानेवारी, गुरुवार

परीक्षा झाली. मोठा प्रश्न प्लेसी आणि ब्राउनचाच आला! रुही गाडीतून उतरतानाच ओरडत आली. तीन पानं लिहिली. शेवटी उदाहरण म्हणून हौसाबाईची गोष्ट लिहिली, माझ्या नावासकट. "विटनेस — माय ग्रँडमदर." त्यांचे मास्तर वाचणार.

म्हणलं, मला विचारायचं तरी.

"व्हाय? इट्स ट्रू, ना?"

लाडू खाल्ला. रुचानं बघितलं तरी काही बोलली नाही. सगळी माझ्याशी फार चांगलं वागतायत या आठवड्यात. अतुलनं काल पाय चेपून दिले. मला ते आवडत नाहीये.

२४ जानेवारी, शनिवार

आधी दीपाचं कौतुक लिहिते. फायरप्लेसजवळचे रिक्लायनर तिनं सकाळीच उचलून बाहेरच्या खोलीत टाकले. तिथे सगळे नवरे जाऊन झोपले. डोंबिवलीचा फोन स्टँडवर लावलेला, सासूबाई चष्मा लावून समोर. दीपानं नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, या वर्षी जरा वेगळं आहे हं. बघा, नाहीतर बंद करा." शाब्बास!

सासूबाईंनी बंद नाही केलं. कोणीतरी बोलत होतं तिकडून, पण आवाज बारीक करून ठेवलेला.

कादंबरी आली. आत आली! काळी साडी, मोत्याच्या कुड्या. दारात जराशी थांबली. प्रथमेशची आई वॉकर घेऊन सगळ्यात पुढे होती, ती मोठ्यानं म्हणाली, "ये गं, माझ्याशेजारी ये, मला पोरींचे नाच दिसत नाहीत, सांगत जा काय चाललंय."

सावनी नाचली. आईकडे बघून दोनदा चुकली.

मग दीपा करंडा घेऊन कादंबरीसमोर उभी राहिली. "लावू?"

कादंबरी म्हणाली, "नको."

झालं, वाटलं संपलं सगळं. पण तिनं हात पुढे केला. "मला लावून घ्यायचं नाहीये दीपा. मला लावायचंय. दे इकडे."

आणि दीपाच्या हातातून करंडा घेतला! आधी दीपाला लावलं. मग प्रथमेशच्या आईला. मग ओळीनं. बायकांना आधी कळेना काय करावं, मग एकेक कपाळ पुढे येऊ लागलं. एक-दोघी पाणी प्यायला म्हणून उठल्या, उठू देत! ती आपली एकेकीचं नाव घेत, "तू किती बारीक झालीस गं", "तुझी बदली झाली का", अशी बोलत बोलत चाललेली. सात वर्षांपूर्वी अशीच करत असणार. संग्राम जायच्या आधीची कादंबरी मला आज पहिल्यांदा दिसली. इतकी बोलकी आहे ती! मला वाटायचं गप्पच असते.

मग माझ्यापुढे आली. "मावशी, तुम्हाला?"

मी मागे सरले. खुर्ची पडली माझी. तिचा हात तसाच हवेत.

"पाचवी!" म्हणलं मी. "घटनेची पाचवी दुरुस्ती! मला उत्तर न द्यायचा हक्क आहे!"

सगळ्या हसल्या. रुही तर ओरडली, "दॅट्स माय आजी!" कादंबरी पण हसली आणि पुढे गेली. मी खुर्ची उचलली.

२५ जानेवारी, रविवार

रुही विचारते, आजी, का नाही घेतलंस? तूच तर जिंकलीस.

म्हणलं, रंग साडीवर पडतो.

२६ जानेवारी, सोमवार

सासूबाई नव्हत्या त्या. मी होते. अतुल पोटात होता माझ्या, सातवा महिना, मला हौसाबाईच्या सावलीची भीती वाटली. "तुझं काय काम इथं," हे मी बोलले. सासूबाई तर आतून म्हणत होत्या, "अगं अहिल्या, येऊ दे तिला, आपलीच आहे." ती बोरं ठेवत होती तेव्हा मी दार लावून घेतलं.